कितीपैकी?

"प्रोबॅबिलिटी आणि परम्युटेशन सोडून द्या. दोन-तीन प्रश्न येतात आणि डोकं खातात. तेवढ्या वेळात दहा सोपे सुटतात."

एमबीए सीईटीच्या क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात मिळालेला हा सल्ला. सगळ्या वर्गानं सुटकेचा निःश्वास टाकला, मीही टाकला. आज वाटतं, या सल्ल्यानं आमचं जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्याही अवघड पेपरनं केलं नसेल. आणि हा एकट्या आमच्या सरांचा सल्ला नाही. यूट्यूबवर, टेलिग्रामच्या ग्रुपवर, सीनियर लोकांच्या तोंडी, सगळीकडे हेच ऐकू येतं. म्हणून त्याच्याशी भांडायचंय.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यातली. बी.कॉम. झालं, सोयाबीन विकून क्लासची फी भरली आणि घरून मला 'एक वर्ष' मिळालं. हे 'एक वर्ष' म्हणजे काय, ते गावाकडच्या मुलींना समजावून सांगायला नको.

आधी हे प्रश्न अवघड का वाटतात ते बघू. पहिल्या मॉकमध्ये प्रश्न होता: ५२ पत्त्यांतून दोन काढले, तर 'ॲट लीस्ट वन' फेस कार्ड असण्याची शक्यता किती? मी लहानपणापासून पत्ते खेळते. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट; डाव चालू असताना कुठला गुलाम अजून यायचाय हे मला पाठ असतं. पण राजा, राणी आणि गुलाम यांना 'फेस कार्ड' म्हणतात, हे कुणी सांगितलंच नव्हतं. 'ॲट लीस्ट वन' म्हणजे 'निदान एक', आणि त्यात 'दोन्ही' पण धरायचे, हेही नाही. पेपर इंग्रजीत असतो. अडलं होतं ते भाषेत, पण शेरा मिळाला 'मॅथ्स कच्चं आहे' असा.

खरं तर ही शक्यता आमच्या घरात दरवर्षी मोजली जाते. मे महिन्यात बाबा घरच्या सोयाबीनचे १०० दाणे मोजून घेतात, ओल्या गोणपाटात गुंडाळतात आणि काही दिवसांनी कोंब मोजतात. ७० किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं. कमी उगवले तर पेरताना एकरी बियाणं वाढवायचं. कृषी खातंही हेच सांगतं.

आता आजीकडे बघा. कपाशी टोबताना ती एका ठिकाणी दोन दाणे टाकते. समजा, बियाणं शंभरात ७० उगवणारं आहे. एक दाणा न उगवण्याची शक्यता ०.३. दोन्ही न उगवण्याची ०.३ × ०.३, म्हणजे ०.०९. म्हणजे १०० ठिकाणांपैकी ९१ ठिकाणी निदान एक रोप येणार आणि नऊ ठिकाणी नांग्या भराव्या लागणार. 'निदान एक' विचारलं की 'एकही नाही' काढायचं आणि एकातून वजा करायचं. क्लासमध्ये ही 'ट्रिक' म्हणून शिकवतात. आजी ती हातानं करते.

मोजणीचंही तसंच. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म. पहिल्या हातासाठी चार पर्याय, दुसऱ्यासाठी तीन, मग दोन, मग एक: २४ मूर्ती. केशव, नारायण, माधवपासूनची ती चोवीस नावं हीच. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त, अंकपाश प्रकरणात हेच उदाहरण घेतलंय. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उभारल्याचा १२०७ चा शिलालेख शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' अशी छाती फुगवायला मी हे सांगत नाहीये. सांगायचंय एवढंच, की हे गणित परकं नाही. सूत्र पाठ करण्याआधी वहीत चोवीसच्या चोवीस रचना एकदा लिहून काढा. दुसऱ्यांदा निम्म्यावरच पॅटर्न दिसतो. तिसऱ्यांदा लिहावं लागत नाही.

आता नुकसानाबद्दल. क्लासच्या दारावर फ्लेक्स होता: १४ फोटो आणि प्रत्येकाखाली ९९, ९८ पर्सेंटाइल. प्रवेशाच्या दिवशी बाबा सोबत होते. बियाण्याच्या दुकानात पिशवीवरचा उगवणीचा आकडा वाचल्याशिवाय पैसे न देणारा माणूस त्या फ्लेक्ससमोर गप्प उभा राहिला. मीही विचारलं नाही, की हे १४ कितीपैकी? पुढे धीर करून विचारलं तर उत्तर आलं, "तू अभ्यासाकडे लक्ष दे." जाहिरातवाले अंश मोठ्या अक्षरांत छापतात, छेद झाकून ठेवतात. कॉलेजांचं 'सर्वोच्च पॅकेज' म्हणजे एका मुलाचा पगार. बरोबर मधल्या मुलाला किती मिळाले? छेद विचारायला शिकवणारा धडा एकच, आणि नेमका तोच आम्हाला सोडायला सांगतात.

हे फक्त क्लासचं नाही. आमच्याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळची घटमांडणी होते. अक्षय तृतीयेला शेतात घट मांडतात, अठरा धान्यं आणि पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे बदल पाहून भाकीत सांगतात. समजा, मी चार महिन्यांचं 'चांगला' किंवा 'कमी' असं नाणं उडवून सांगितलं. एकूण प्रकार १६. एकही बरोबर न येण्याचा प्रकार १, एकच बरोबर येण्याचे ४. उरलेल्या ११ प्रकारांत निदान दोन महिने बरोबर! म्हणजे माझं नाणंसुद्धा तीनातल्या दोन वर्षी 'निम्मं तरी खरं' ठरेल. कुणाच्या श्रद्धेची मला थट्टा करायची नाही. भाकीत आणि पडलेला पाऊस एकाच वहीत शेजारी-शेजारी लिहा, खरे ठरलेले मोजा, चुकलेलेही मोजा, एवढंच म्हणणं आहे.

"पण दोन प्रश्नांसाठी एवढं?" हा प्रश्न रास्त आहे. सीईटीत २०० प्रश्न आणि १५० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. परीक्षेत अडलेला प्रश्न सोडावाच. पण प्रश्न सोडणं वेगळं आणि विषयच सोडणं वेगळं. गंमत म्हणजे सरांचा दुसरा सल्ला होता, "निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न कोरा ठेवू नका." पाच पर्यायांत डोळे मिटून दहा उत्तरं टिक केली तर सरासरी दोन बरोबर येतात. ही प्रोबॅबिलिटीच झाली ना, सर? कॅटमध्ये बरोबरला ३ गुण मिळतात आणि पर्यायांच्या प्रश्नात चुकलं की १ जातो. चार पर्यायांत अंदाज मारला तर सरासरी शून्य: एकदा +३, तीनदा −१. पण एक पर्याय खात्रीनं खोडता आला तर तीन अंदाजांमागे सरासरी एक गुण पदरात पडतो. कुठे थांबायचं आणि कुठे धाडस करायचं, हे पूर्ण पेपरभर ठरवणारा विषय दोन मार्कांचा कसा?

माझं ते वर्ष वाया गेलं. हवं ते कॉलेज मिळालं नाही. आणखी एक वर्ष मागायला बसले, तेव्हा बाबांनी रागावण्याऐवजी विचारलं, "किती चान्स हाय तुह्या?" पूर्वी मी म्हटलं असतं, "नक्की होईल, बाबा." या वेळी मॉकची वही काढली. शेवटच्या १२ मॉकपैकी ५ मध्ये मी मला लागणाऱ्या गुणांच्या वर होते. तेच सांगितलं.

बाबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सत्तरच्या खाली हाय म्हंजे. मंग बियानं वाढवा लागते."

वर्ष मिळालंय. रोज दहा गणितं याच धड्याची करते, आधी मराठीत मांडून.