मुलाची पिशवी मुलासच भरूं द्या

शनिवारीं दुपारीं साडेतीन वाजतां शाळेच्या पटांगणावर शिट्टी घेऊन उभें राहण्याचें काम आम्ही गेलीं कित्येक वर्षें करीत आहों. या कामास वेतन नाहीं, आणि त्यापासून बढतीहि मिळत नाहीं, त्यामुळें "यांत तुम्हांस मिळतें काय?" हा प्रश्न आप्तेष्टांकडून आम्हांस वारंवार ऐकावा लागतो. आरंभीं आम्ही या प्रश्नास मोठमोठीं उत्तरें देत असूं. चारित्र्य, शिस्त, देशसेवा हे शब्द त्यांत मुबलक असत. आतां आम्ही एवढेंच सांगतों कीं, हात मागें बांधून उभें कसें राहावें हें आम्ही तेथें शिकत आहों. आणि ही विद्या वाटते तितकी सोपी नाहीं. बालवीरांच्या पथकाचे स्काउटमास्तर या नात्यानें जो थोडाबहुत अनुभव पदरीं पडला, त्यावरून विद्यार्थ्यांस व विशेषेंकरून पालकांस दोन शब्द सांगावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मुलांवर जबाबदारी टाकावी ही कल्पना आमची नव्हे. ती या चळवळीच्या मुळाशींच आहे. दक्षिण आफ्रिकेंतील मॅफेकिंग या गांवास १८९९ च्या आक्टोबरांत वेढा पडला, तो १९०० च्या मे महिन्यांत उठला. त्या सात महिन्यांत गांवाचा बचाव करणारे सेनानी बेडन-पॉवेल यांच्या नजरेस आलें कीं, गांवांतील लहान मुलें निरोप पोंचविण्याचें काम मोठ्या माणसांच्या तोडीचें करितात. मात्र तें काम आपलें आहे असें त्यांस वाटलें पाहिजे. पुढें १९०७ च्या आगस्टांत इंग्लंडांतील ब्राउनसी बेटावर त्यांनीं सुमारें वीस मुलांची पहिली छावणी भरविली. तींत श्रीमंतांच्या शाळांतील मुलें होतीं, तशींच कष्टकरी कुटुंबांतील मुलेंहि होतीं. त्यांचे चार संघ पाडून प्रत्येक संघावर त्यांच्यांतीलच एक नायक नेमण्यांत आला.

हिंदुस्थानांत हें कार्य १९०९ सालीं बंगळूर येथें सुरू झालें. पण आरंभीं त्यांत हिंदी मुलांस प्रवेश नव्हता. ही उणीव पाहून १९१६ सालीं मद्रासेस डॉ. अ‍ॅनी बेझंट यांनीं, आणि पुढें उत्तरेंत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनीं सेवा समितीच्या द्वारें आपल्या मुलांचीं पथकें उभारिलीं. अखेर ७ नोव्हेंबर १९५० रोजीं निरनिराळ्या संस्था एकत्र होऊन 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' ही संस्था अस्तित्वांत आली. आमच्या मुलांवर विश्वास टाकावा कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर म्हणूनच आपल्या देशांत ही चळवळ वाढली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. तोच प्रश्न आज घरोघरीं निराळ्या रूपानें उभा आहे.

सहा ते आठ मुलांचा एक संघ व त्यावर त्यांच्यांतील एक संघनायक, अशी आमच्या पथकाची रचना आहे. हजेरी संघनायकानें घ्यावी, कामें त्यानें वांटावीं, भांडणेंहि शक्य तों त्यानेंच मिटवावीं. कागदावर हें सुंदर दिसतें. प्रत्यक्षांत शनिवार उजाडतो तेव्हां चार मुलें शिकवणीस गेलेलीं असतात, दोघांचा क्रिकेटचा सामना असतो, एकाचा गळपट्टा धुवावयास टाकलेला असतो, आणि संघनायक स्वतःच धांपा टाकीत उशिरां येतो. अशा वेळीं त्याच्या हातून वही घेऊन दोन मिनिटांत हजेरी उरकावी, असा मोह आम्हांस होतो. तो आवरणें हेंच आमचें काम.

गांठींचेंच उदाहरण घ्या. रीफ-गांठ बांधतांना उजवें टोंक डाव्यावरून, मग डावें उजव्यावरून घेतलें कीं गांठ सपाट बसते. दोन्ही वेळां उजवेंच टोंक वर घेतलें तर ती वांकडी होते व ताण पडतांच सरकते. जखमेवरील पट्टी बांधावयाची ती या सपाट गांठीनें. एखादा पांचवींतला मुलगा पाव तास दोरीशीं झगडत असतो. त्याचे कान लाल होतात, आणि आमचीं बोटें शिवशिवूं लागतात. आम्हीं गांठ बांधून दिली तर त्याच्या हातीं एक सुरेख दोरी राहते, पण विद्या आमच्याच बोटांत राहते. म्हणून आम्ही हात मागें बांधतों. सोळाव्या मिनिटास गांठ बसली कीं तो ती सोडतो व पुन्हां बांधतो. त्याला तें कोणी सांगावें लागत नाहीं.

स्वयंपाकाची गोष्ट याहून गमतीची. एका छावणींत आठ मुलांच्या संघानें खिचडी केली. दोघांनीं, एकमेकांस न विचारतां, निरनिराळ्या वेळीं तींत मीठ घातलें. तें आम्हीं लांबून पाहिलें होतें. एक शब्द उच्चारला असता तर खिचडी वांचली असती; आम्ही बोललों नाहीं, आणि पंगतींत आमच्याहि ताटांत तीच खिचडी आली. निरनिराळ्या धर्मांच्या व जातींच्या घरांतून आलेलीं तीं आठ मुलें एकाच पातेल्याभोवतीं बसून, पाण्याचे घोट घेत, तोंडें वेडींवांकडीं करीत व हंसत ती खिचडी खात होतीं. त्याच रात्रीं त्यांनीं आपण होऊन नियम केला कीं, मीठ घालणारा एकच असावा व त्याचें नांव आधीं ठरावें. हाच नियम आम्हीं सांगितला असता तर तो एका कानानें ऐकून दुसऱ्या कानानें सोडला गेला असता.

रोज एक सत्कृत्य करावें असा बालवीराचा परिपाठ आहे. पूर्वी आम्ही दर शनिवारीं प्रत्येकास त्याविषयीं विचारीत असूं, व चांगल्या उत्तरास शाबासकी देत असूं. थोड्याच दिवसांत सर्वांचीं उत्तरें सारखीं येऊं लागलीं: "आईस मदत केली." एक मुलगा मात्र नेहमीं गप्प राही. शेजारच्या एका वृद्ध बाईंस तो रोज नळाचें पाणी भरून देतो, हें आम्हांस पुढें त्या बाईंकडूनच कळलें. तेव्हां उमजलें कीं, आमच्या विचारण्यानें सत्कृत्याचें सोंग मात्र वाढत होतें. त्या दिवसापासून आम्हीं विचारणें सोडलें.

आतां या लेखाच्या मथळ्याकडे वळूं. छावणीस निघण्याच्या आदल्या रात्रीं बहुतेक घरांत मुलगा निजलेला असतो व आई त्याची पिशवी भरीत असते. तींत तीन स्वेटर असतात, डबाभर चिवडा असतो, औषधाच्या बाटल्या असतात. प्रेम तर कांठोकांठ भरलेलें असतें. परंतु रात्रीं अंधार पडल्यावर तो मुलगा आमच्याकडे येऊन विचारतो, "सर, तुमचा मोबाइल देतां का? विजेरी कुठं ठेवली आहे तें आईला विचारायचं आहे." पिशवी त्याच्या पायाशीं असते, आणि तिची माहिती पंचवीस किलोमीटरांवर असते! आम्हांस हंसूं येतें, पण त्या मुलाचा चेहरा पाहून तें आवरावें लागतें. तो आळशी नसतो, मंदहि नसतो. त्याची पिशवी त्याची झालेलीच नसते, इतकेंच.

आम्ही हें पालकांस दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. कारण याहून मोठा दोष आमच्या हातून घडला आहे, व तो सांगितल्याखेरीज हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. अहिल्यानगर शहराच्या उत्तरेस डोंगरगण नांवाची रम्य दरी आहे. एका हिवाळ्यांत तेथें सहल काढून अखेरचे पांच-सहा किलोमीटर पायवाटेनें जावयाचें ठरलें. वाट दाखविण्याचें काम आठवींतील एका अबोल संघनायकाकडे होतें. नकाशा उत्तरेशीं कसा जुळवावा, होकायंत्र कसें धरावें, हें तो तीन आठवडे मधल्या सुटींत शिकत होता. एका फांट्याशीं तो उजवीकडे वळला. वाट डावीकडची होती, हें आम्हांस ठाऊक होतें. ऊन चढत होतें, मागून कांहीं पालक येत होते, आणि त्यांच्यादेखत उशीर व्हावा हें आमच्या अभिमानास सोसेना. आम्हीं पुढें होऊन त्याच्या हातांतला नकाशा काढून घेतला व म्हटलें, "चला, माझ्यामागून या." आम्ही वेळेवर पोंचलों. पालकांनीं आमची तारीफ केली.

पुढल्या शनिवारीं तो मुलगा आला, व आपल्या संघनायकपदाची खूण आमच्या हातावर ठेवून म्हणाला, "सर, तुम्हीच न्या ना. तुम्हांला वाट माहीत आहे." त्या बोलण्यांत राग नव्हता, असता तर बरें झालें असतें. आम्हीं साऱ्या पथकासमोर आपली चूक कबूल केली व त्याची क्षमा मागितली. तरीहि ती खूण परत घ्यावयास त्यास दोन महिने लागले. अर्धा तास वांचविण्याच्या लोभानें आम्हीं काय गमावलें होतें, याचा हिशेब त्या दोन महिन्यांत आम्हांस चांगलाच कळला.

पुढल्या हिवाळ्यांत त्याच वाटेनें त्यालाच पुढें घालून आम्ही पुन्हां गेलों. याहि वेळीं तो चुकला, मात्र निराळ्या ठिकाणीं. आम्ही मागून चालत राहिलों. एक किलोमीटरभर गेल्यावर तो थांबला, डोळ्यांवर हात धरून त्यानें वर पाहिलें, आणि आमच्याकडे न वळतां आपल्या संघास म्हणाला, "आपण उत्तरेला जातों आहों ना? मग सकाळचं ऊन उजव्या अंगाला लागायला हवं. हें तर डोळ्यांत येतंय." संघ मागें फिरला. धाकटीं मुलें कुरकुरलीं, मुक्कामीं तासभर उशीर झाला, भाकऱ्या वाळून गेल्या होत्या. त्या दिवशीं कोणीहि आमची तारीफ केली नाहीं. पण परततांना तो अबोल मुलगा सबंध वाटभर बोलत होता.

यावर कोणी म्हणतील कीं, हा तर निष्काळजीपणा झाला. मुलांस वाऱ्यावर सोडून द्यावयाचें असेल तर स्काउटमास्तर हवा कशाला? आक्षेप योग्य आहे, व त्यास उत्तर देणें आमचें कर्तव्य आहे. पाणी, विस्तव आणि रहदारीचा रस्ता या तीन ठिकाणीं आम्ही हात मागें बांधीत नाहीं. विहीर किंवा ओढा यांच्याजवळ शिट्टीवांचून कोणी जावयाचें नाहीं. चूल पेटेल तेव्हां मोठें माणूस जवळ पाहिजे. आणि निघतांना, पोंचतांना व निजण्यापूर्वी डोकीं आम्ही स्वतः मोजतों. कोणाला कोणतें औषध चालत नाहीं, याची यादी आमच्या खिशांत असते. वाट चुकलेल्या संघाच्या मागें आम्ही चालत होतों, तेहि याचसाठीं. ज्या चुकीची किंमत खारट खिचडी किंवा तासाभराचा उशीर एवढीच आहे, ती मुलाची मालमत्ता होय. ज्या चुकीची किंमत जीव किंवा अवयव आहे, ती होऊं न देणें हें आमचें काम. हा भेद ओळखणें हीच वडिलकी. परंतु आपण पाहतों तें उलटेंच: चिवड्याचा डबा भरण्यास दहा हात पुढें येतात, आणि पोहावयास शिकविण्यास कोणास वेळ नसतो.

दुसरे कित्येक पालक आम्हांस भेटतात व विचारतात, "याच्या प्रमाणपत्राचा पुढें कांहीं उपयोग आहे का? परीक्षेंत गुण वाढतात का?" या विचारण्यांत गैर कांहीं नाहीं, संसारी माणसानें भविष्याची चिंता करावयाचीच. तथापि प्रमाणपत्र भिंतीवर राहतें, आणि मुलगा जगांत जातो. तेथें वाट चुकल्यावर ऊन कोणत्या अंगास लागतें हें त्याचें त्यालाच पाहावें लागणार आहे.

शुभवर्तमानांत एका धन्याचा दाखला आहे. आपल्या दासांस ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणें द्रव्य वांटून देऊन तो परदेशीं निघून गेला. त्या दाखल्याचा बोध सांगतांना, भीतीनें आपलें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या दासाविषयीं आपण पुष्कळ बोलतों. पण तो धनी निघून गेला, हें आपण विसरतों. तो दासांच्या खांद्याशीं उभा राहून प्रत्येक नाणें मोजीत बसला असता, तर त्या दाखल्यांत विश्वासू कोण व भित्रा कोण हें कधींच दिसलें नसतें. आईबापांनीं, शिक्षकांनीं आणि आमच्यासारख्या शिट्टीवाल्यांनींहि त्या धन्यापासून थोडें दूर जावयास शिकलें पाहिजे.

तेव्हां पालकांस आमची विनंती आहे कीं, येत्या छावणीच्या आदल्या रात्रीं आपण खुशाल निजावें, व मुलास जागें राहूं द्यावें. तो टॉवेल विसरेल, विसरूं द्यावा. तो परत आल्यावर "काय मिळालें?" असें न विचारतां "काय चुकलें, व तें कसें सावरलें?" एवढें विचारावें, आणि उत्तर पुरतें ऐकून घ्यावें. विद्यार्थिमित्रांस सांगणें इतकेंच कीं, विजेरी पिशवींत सर्वांत वर ठेवा. आणि तुमच्या हातांतला नकाशा कोणी मोठें माणूस घाईघाईनें काढून घेऊं लागलें, तर त्यास नम्रपणें म्हणा, "सर, थोडें थांबा. मी पाहतों." आम्ही थांबूं.