संगणक थकतो कशाने?

घरातला संगणक संथ झाला, की माणसे त्याच्याविषयी एखाद्या वृद्ध नातलगाविषयी बोलावे तसे बोलू लागतात. ‘आता त्याचे वय झाले’, ‘फार वर्षे चालला बिचारा’ असे उद्गार निघतात आणि त्यापाठोपाठ नव्या संगणकाचा विषय निघतो. दुकानदारही तेच सांगतो. पाच-सहा वर्षांचा संगणक म्हणजे म्हातारा संगणक, हे जणू गृहीतच धरलेले असते. वस्तुतः हे गृहीत फारसे खरे नाही. संगणकातील प्रोसेसर पहिल्या दिवशी एका सेकंदात जितकी आकडेमोड करीत होता, जवळजवळ तितकीच तो आठ वर्षांनीही करतो. बैलाचे खांदे थकतात, गिरणीच्या जात्याची टाकी झिजते. प्रोसेसरची गणनशक्ती तशी झिजत नाही. मग तोच संगणक पूर्वी चपळ आणि आज मंद का भासतो?

याचे पहिले उत्तर असे, की त्याच्यावरचे ओझे वाढलेले असते. विंडोज ९५ ही प्रणाली १९९५ साली आली तेव्हा ती चालवण्यासाठी किमान ४ मेगाबाइट रॅम पुरत असे. २००१ सालच्या विंडोज एक्सपीला किमान ६४ मेगाबाइट लागत आणि २०२१ सालच्या विंडोज ११ला किमान ४ गिगाबाइट लागतात. म्हणजे सव्वीस वर्षांत किमान गरज हजारपटीहून अधिक झाली. या काळात पत्र लिहिणे, हिशेब मांडणे, अर्ज भरणे ही घरची कामे काही हजारपट अवघड झाली नाहीत. पास्कल या संगणकभाषेचे जनक निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच एका लेखात अशी तक्रार केली होती, की यंत्रे जितक्या झपाट्याने वेगवान होत आहेत, त्याहून अधिक झपाट्याने प्रोग्रॅम जड होत आहेत. त्यानंतर तीस वर्षे उलटली. तक्रारीचे कारण कमी झालेले नाही.

या संथपणाची झळ सर्वांना सारखी लागत नाही, हे मात्र सहसा कोणी बोलत नाही. रॉबर्ट मिलर या संशोधकाने १९६८ मध्ये माणूस व संगणक यांच्यातील संवादात किती विलंब खपतो याचा विचार मांडला. पुढे जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये त्या मर्यादा सुटसुटीत स्वरूपात सांगितल्या. एक दशांश सेकंदात प्रतिसाद आला तर कृती तत्काळ घडली असे वाटते. एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांनंतर मन दुसरीकडे वळते. ज्याचा संगणकावर हात बसलेला आहे, तो या दहा सेकंदांत यंत्राला दोष देतो. ज्याने तिशी-चाळिशीत प्रथमच माउस हाती धरला, तो स्वतःला दोष देतो. ‘आपलेच काही चुकले असेल’ असे वाटून तो पुन्हा बटण दाबतो, एकाऐवजी तीन खिडक्या उघडतात, यंत्र आणखी अडखळते आणि शिकणाऱ्याची खात्रीच पटते की हे काम आपल्याला जमणारे नाही. शिकणे सोडून देण्याची कारणे मोठीच असतात असे नाही. म्हणून घरचा संगणक पुन्हा चटपटीत करणे ही चैन आहे असे समजू नये. ज्या घरात एकच यंत्र आहे आणि त्यावरच मुलाचा अभ्यास, आईचा परीक्षेचा अर्ज व वडिलांचा हिशेब व्हायचा आहे, तेथे ती निकडीची गोष्ट आहे.

यासाठी संगणक नेमका कोठे वाट पाहत थांबतो, हे समजले पाहिजे. स्वयंपाकघराचे उदाहरण घ्यावे. गृहिणीचे हात चपळ आहेत, पण ओटा वीतभर आहे आणि साहित्य मागच्या कोठीच्या खोलीत आहे. मग फोडणीला मोहरी हवी की कोठीत जा, हिंग हवा की पुन्हा जा. स्वयंपाकाला उशीर होतो तो हातांमुळे नव्हे. संगणकात प्रोसेसर म्हणजे ते चपळ हात, रॅम म्हणजे ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे कोठी. जुन्या घरगुती संगणकांचा बहुतेक वेळ कोठीच्या खेपांतच जातो.

या कोठीची रचनाच मुळात संथ आहे. हार्ड डिस्कमध्ये एक गोल तबकडी फिरत असते. लॅपटॉपमध्ये तिचा वेग बहुधा मिनिटाला ५,४०० फेऱ्यांचा असतो. माहितीचा हवा तो तुकडा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत थांबावे लागते, आणि टोकही जागेवरून हलवावे लागते. या एका खेपेस साधारण १० ते १५ मिलिसेकंद लागतात. ऐकायला हा काळ क्षुल्लक वाटतो. पण संगणक सुरू होताना असे हजारो विखुरलेले तुकडे वाचावे लागतात, आणि एका सेकंदात जेमतेम शंभरच खेपा होतात. एसएसडी या प्रकारच्या साठवणीत तबकडीही नसते आणि फिरणेही नसते. तीच खेप मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास आटोपते. त्यामुळे जुन्या संगणकात हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तर जो फरक पडतो तो इतर कोणत्याही एका उपायाने पडत नाही. मिनिटभर रेंगाळत सुरू होणारे यंत्र काही सेकंदांत सज्ज होते. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट अशा बाजारांत किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या लहान दुरुस्तीच्या दुकानातही हे काम होते, आणि त्याचा खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीचा लहानसा हिस्सा असतो. काम हाती घेण्यापूर्वी छायाचित्रे व कागदपत्रे यांची दुसरी प्रत करून ठेवणे मात्र अनिवार्य समजावे. दुकानदाराच्या ‘काही होत नाही’ या आश्वासनावर विसंबणे शहाणपणाचे नाही.

ओटा मोठा करणे हा दुसरा उपाय. रॅम अपुरी पडली, की संगणक ओट्यावरचे सामान तात्पुरते कोठीत नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. ब्राउझरमध्ये वीस पाने उघडी ठेवणाऱ्या घरात हेच चाललेले असते. ४ गिगाबाइटच्या जागी ८ झाले, तर हा खटाटोप बराच थांबतो. मात्र डीडीआर ३ व डीडीआर ४ या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत, आणि काही पातळ लॅपटॉपांत रॅम मूळ पाटीवर जडवलेलीच असते. तेथे ती वाढवता येत नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमतीही चढल्या. तेव्हा खरेदीपूर्वी ती खरोखर कमी पडते आहे का, हे पाहावे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. तेथे डिस्क सतत शंभर टक्क्यांवर दिसते, की मेमरी काठोकाठ भरलेली दिसते, यावरून दुखणे कोठे आहे ते कळते. वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. येथे तर नाडी पाहायला पैसाही पडत नाही.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी असते. छपाईयंत्र, संगीत, खेळ, संदेश असे प्रत्येक प्रोग्रॅम आपली चूल तेथे मांडून बसतात. ज्यांची रोज गरज नाही ते बंद करावेत. दोन विषाणूरोधक प्रोग्रॅम एकाच वेळी ठेवणे म्हणजे एकाच दारावर एकमेकांना अडवणारे दोन पहारेकरी ठेवणे. विंडोजमध्ये असा एक प्रोग्रॅम मुळातच असतो. आणखी एक बाब अनेकांना ठाऊक नसते. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावर संगणक बहुधा पुरता रिकामा होत नाही. प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलला जातो. पाटी पूर्ण कोरी करायची तर ‘रीस्टार्ट’ करावे लागते. हा सर्वांत स्वस्त उपाय!

धुळीचा विचार आपल्या देशात तरी प्रथम करायला हवा होता. पंख्याच्या पात्यांवर आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर धुळीचा थर बसला, की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. वैशाखात दुपारी मंदावणारा आणि पहाटे ठीक चालणारा संगणक बहुधा याच कारणाने रुसलेला असतो. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवल्यास हवेची वाटच बंद होते. वीजजोड काढून, पंखा बोटाने धरून ठेवून, कोरड्या मऊ ब्रशाने धूळ झटकणे हे काम घरीही होऊ शकते. लॅपटॉप उघडण्याचा सराव नसेल तर ते दुकानात करून घ्यावे.

संथ संगणकाभोवती एक वेगळाच बाजारही उभा राहिला आहे. ‘तुमच्या संगणकात शेकडो दोष आहेत, येथे बटण दाबा’ अशा जाहिराती पडद्यावर झळकतात. या ‘सफाई’च्या प्रोग्रॅमांपैकी कित्येक संगणकाला आणखी जड करतात, काही तर उघड फसवणूक करतात. विंडोजची रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांना खुद्द मायक्रोसॉफ्ट कंपनीचाही पाठिंबा नाही. अमेरिकेत २०१९ साली घडलेले प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. ऑफिस डेपो या विक्रेत्या कंपनीच्या दुकानांत संगणकाची मोफत तपासणी होत असे. आरंभी ग्राहकाला काही प्रश्न विचारले जात. त्यांत ‘संगणक संथ झाला आहे का?’ हाही एक होता. सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप असा, की ग्राहकाने एकाही प्रश्नाला ‘होय’ म्हटले तर तपासणीत काहीही आढळो, घातक प्रोग्रॅमची लक्षणे असल्याचा निष्कर्ष पडद्यावर येई आणि मग दुरुस्तीची सेवा विकली जाई. कंपनीने २.५ कोटी डॉलर आणि तो प्रोग्रॅम पुरवणाऱ्या कंपनीने १ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. जेथे ग्राहकाचे अज्ञान हेच भांडवल असते, तेथे मोफत तपासणी सर्वांत महाग पडते.

काही वेळा यंत्राचे वय कंपनीच ठरवते, हे त्याहून विचार करण्यासारखे आहे. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. सुरक्षेच्या सुधारणा आणखी एक वर्ष मिळण्याची सोय कंपनीने तेव्हा जाहीर केली खरी. पण विंडोज ११ला विशिष्ट सुरक्षा-चिप आणि ठरावीक यादीतील प्रोसेसर लागतो, आणि २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक त्या यादीत बसत नाहीत. सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही; ज्या प्रणालीच्या त्रुटी बुजवल्या जात नाहीत तिच्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. परंतु चालता-बोलता संगणक एका तारखेनंतर निरुपयोगी ठरवावा, हेही न्यायाचे वाटत नाही. येथे लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. लिनक्स मिंट किंवा लुबुंटू यांसारख्या प्रणाली विनामूल्य असतात आणि जुन्या यंत्रावर हलक्या चालतात. सी-डॅक या भारतीय संस्थेने ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली भारतीय भाषांच्या सोयींसह तयार केली. तीत मराठीही आहे. केरळच्या शाळांनी तर मुक्त प्रणालींवर मुलांना गेली कित्येक वर्षे शिकवले आहे. सवय बदलावी लागते, एखादे छपाईयंत्र हटून बसते, कार्यालयातून आलेली एखादी फाइल नीट उघडत नाही. या अडचणी आहेतच. तरीही पत्र, मराठी टंकलेखन, अभ्यासाचे व्हिडिओ आणि अर्ज एवढ्या कामांपुरता तो संगणक आणखी काही वर्षे घराला सोबत करू शकतो.

प्रत्येक यंत्र वाचवावेच, असा हट्ट मात्र धरू नये. २ गिगाबाइट रॅम पाटीवर जडवलेली आणि प्रोसेसर मुळातच दुबळा, अशा लॅपटॉपवर पैसे ओतणे व्यर्थ आहे. ज्याची बॅटरी फुगली आहे तो तर तत्काळ बाजूला ठेवावा. पण निरोप द्यायचा तर तोही विचारपूर्वक द्यावा. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. उरलेल्यातला काही दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत पोहोचतो, जेथे तारा जाळून तांबे काढले जाते आणि तो धूर काम करणाऱ्यांच्या छातीत जातो. आपल्याकडे ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे यंत्र सोपवता येते. भंगारवाल्याच्या हातगाडीवर ते टाकले, की पुढचा प्रवास कोणालाच कळत नाही. यंत्र देण्यापूर्वी त्यातील डिस्क काढून घ्यावी. पुसलेल्या फायली साध्या हार्ड डिस्कवरून पुष्कळदा परत मिळवता येतात, आणि तिच्यात आधार कार्डाच्या प्रती, गुणपत्रिका, बँकेची विवरणे असे घरचे सारेच असते. डिस्क चांगली असेल, तर यूएसबी पेटी घालून तीच कागदपत्रांची दुसरी प्रत ठेवण्याच्या कामी येते.