जुगाड नव्हे, दुरुस्ती

(द्वितीय वर्ष, कला)

हल्ली ‘जुगाड’ ह्या शब्दाला फार चांगले दिवस आले आहेत. मोठ्या सभागृहांतून त्यावर व्याख्याने होतात, पुस्तके निघतात आणि आपला माणूस तारेच्या तुकड्यावर गाडी कशी पळवतो ह्याचे तोंड भरून कौतुक होते. कौतुक करणाऱ्यांपैकी किती जणांनी जळक्या वायरिंगचा वास घेतला असेल, कोण जाणे! मी तो लहानपणापासून घेत आलो आहे. माझे वडील पनवेलजवळ महामार्गाच्या कडेला जुन्या जीपगाड्यांचे वायरिंग दुरुस्त करतात. ते चौथीपर्यंत शिकले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडिलांच्या तोंडी जुगाड हा शब्द शिवीसारखा येतो. माझ्या मते ते बरोबर आहेत आणि सभागृहातली मंडळी चूक आहेत.

पनवेल हे ह्या धंद्याचे गाव का झाले ते नकाशा पाहिला की कळते. मुंबईहून पुण्याला जाणारा जुना रस्ता येथून जातो आणि पळस्प्याच्या फाट्यावर गोव्याचा रस्ता फुटतो. २००२ साली द्रुतगती महामार्ग पूर्ण सुरू होईपर्यंत घाट चढणारी आणि घाट उतरून आलेली प्रत्येक गाडी ह्याच वाटेने जाई. तापलेले इंजिन, उतरलेली बॅटरी, विझलेला दिवा घेऊन ती येथे थांबे. आता विमानतळ आला, उंच इमारती आल्या. पण माथेरानच्या पायथ्याशी धोदाणी, मालडुंगे ह्या बाजूला जा, म्हणजे जुनी जीप अजून का विकली जात नाही ते समजेल. (वर माथेरानात मोटारींना बंदी, म्हणून लोक हौसेने चालतात. खाली वाड्यांत मोटार मिळत नाही, म्हणून चालतात. असो.)

जीपचा इतिहास आपल्याकडे तसा मुंबईचाच. १९४५ साली महिंद्र आणि महंमद ही कंपनी निघाली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तेथील पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्र आणि महिंद्र झाले. तिने अमेरिकेच्या विलीज कंपनीची जीप माझगावात जोडायला घेतली. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड ह्या दोघांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या होत्या. रणांगणावर सैनिकाला सहज उघडता-जोडता यावी अशीच तिची घडण. त्यामुळे ती आमच्या गॅरेजपर्यंत आली तेव्हा जणू आमच्यासाठीच केल्यासारखी वाटली. उंच बॉनेटची सीजे-३बी मूळ १९५३ ची. तिचेच वंशज आपल्याकडे पुढे अनेक दशके निघत राहिले. मग प्यूजो ह्या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने बनलेले डिझेल इंजिन त्यात बसले.

गंमत इथेच आहे. सांगाडा अमेरिकन, म्हणून नटबोल्ट इंचाचे. इंजिन फ्रेंच, म्हणून नटबोल्ट मिलिमीटरचे. एका गाडीला दोन भाषा! अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसतो, पण सैल. जोर लावला की नटाचे कोपरे झिजतात आणि मग छिन्नी-हातोडीशिवाय तो निघत नाही. नऊ-सोळांश इंच म्हणजे सुमारे १४.३, त्यावर १४ चा पाना चढतच नाही. पाऊण इंचाला मात्र १९ चा पाना बिनबोभाट चालतो. हे गणित मला शाळेत कोणी शिकवले असते तर अपूर्णांकांची एवढी धास्ती वाटली नसती. जुन्या जीपच्या मालकाने म्हणूनच चकचकीत शंभर नगांची पेटी घेऊ नये. इंचाचे आणि मिलिमीटरचे रिंग पाने वेगवेगळ्या फडक्यांत बांधून ठेवावेत, जोडीला एक चांगली पक्कड, दोन डिस्मिस, कानस, पॉलिश पेपर, कथील आणि राळ, टेप, फ्यूज आणि एक टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प म्हणजे काय, तर होल्डरमध्ये बारा व्होल्टचा बल्ब आणि त्याला दोन वायरी. आता शे-दोनशे रुपयांत मीटर मिळतो आणि तो घ्यावाच. पण मीटर कधीकधी फसवतो: वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी तो पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो. बल्ब फसवत नाही. त्याला पेटायला खरा करंट लागतो.

वायरिंगच्या दुखण्यांत निम्म्याहून अधिक दुखणी अर्थची असतात, असे वडील सांगतात, आणि मी पाहिले त्यावरून ते खरे वाटते. घरात दिव्याला दोन वायरी येतात. गाडीत बहुधा एकच येते, परतीचा रस्ता गाडीच्या पत्र्यातून असतो. पत्रा गंजला की तो रस्ता बंद. आपल्या कोकणच्या हवेत चार महिने पाऊस आणि बाकीचे महिने दमटपणा. पितळेच्या भांड्यात ताक कळकते तशी तांब्याची तारही कळकते, हिरवी पडते. बाहेरून वायर धडधाकट दिसते, पण आत भुकटी. पुढचे दोन दिवे ५५-५५ वॉटचे धरले तर सुमारे नऊ अँपिअर करंट वाहतो. वाटेतल्या गंजलेल्या जोडांत एक-सव्वा व्होल्ट खाल्ला गेला, म्हणजे दाब एक दशांशाने उतरला, तर उजेडही एक दशांशाने कमी होईल असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. तारेच्या बल्बचा उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. मालक म्हणतो, ‘मिस्त्री, मोठा बल्ब टाका.’ मोठा बल्ब टाकला की करंट वाढतो, जोड आणखी तापतो, आणि एक दिवस टेप वितळते. ह्यावर उपाय म्हणजे अर्थचा बोल्ट सोडणे, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासणे, बोल्ट आवळणे आणि वरून थोडे ग्रीस लावणे. खर्च जवळजवळ शून्य. ह्याला कोणी जुगाड म्हणत नाही, कारण ह्यात सांगण्यासारखी गोष्ट नसते.

स्टार्टर जड फिरत असेल तर नवी बॅटरी घेण्याआधी आणखी एक परीक्षा करावी. मीटरची एक वायर बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून स्टार्टर मारायचा. काटा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर बॅटरी निर्दोष असू शकते. इंजिनला सांगाड्याशी जोडणारी पट्टी आधी पाहावी. स्टार्टर शेकडो अँपिअर खेचतो, तेथे एवढासा गंजही पुरतो. आणि कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीचे अर्थचे टोक प्रथम सोडावे, जोडताना शेवटी जोडावे. पाना चुकून पत्र्याला टेकला तर ठिणगी पडते आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीची वाटच पाहत असतो.

जोडाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण जुगाड आणि दुरुस्ती ह्यांची फारकत तेथेच होते. दोन वायरी पिळल्या, टेप गुंडाळली, गाडी चालली, हा जुगाड. दुरुस्ती म्हणजे तार घासायची, राळ लावून कथलाचा डाग द्यायचा, नळी चढवायची आणि हादरा बसू नये म्हणून जोडाजवळ वायर क्लिपने धरायची. कथील तेच, जे आपल्या आजीच्या पातेल्यांना कल्हईवाला लावत असे. मात्र त्याचा नवसागर येथे चालत नाही, तो तार खातो. पहिल्याला दोन मिनिटे लागतात, दुसऱ्याला वीस. मालकाला फरक दिसत नाही, आणि वीस मिनिटांचे पैसे द्यायला तो कुरकुरतो. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी बसवलेल्या गाड्या आमच्याकडे येतात. फ्यूजचे काम जळण्याचे आहे. तो जळला नाही तर त्याच्याऐवजी जीप जळते.

गेल्या पावसाळ्यात पायथ्याच्या एका वाडीतून बाळंतपणाची बाई घेऊन रात्री निघालेल्या जीपचे दिवे वळणावर दोनदा गेले. चालकाचा भाऊ हातात बॅटरी घेऊन पुढे चालला आणि गाडी त्याच्या मागून आली. बाई आणि मूल सुखरूप आहेत. सकाळी जीप आमच्याकडे आली तेव्हा दिव्यामागे असाच एक पिळलेला जोड निघाला, कोणा हुशार माणसाने ‘तात्पुरता’ केलेला. जुगाडाची किंमत करणारा भरत नाही, ती वाडीतल्या माणसांना भरावी लागते.

ह्यावर एक रास्त आक्षेप असा, की मग अशा गाड्या मोडीतच का काढू नयेत? केंद्राने २०२१ साली मोडीचे धोरण आणले. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या हलक्या मोटारींचे नूतनीकरण शुल्क १० हजार रुपये झाले. जुने डिझेल इंजिन नव्यापेक्षा अधिक धूर ओकते हे मला मान्य आहे, आणि शहरात त्यांना आवर घातला तर माझी तक्रार नाही. पण ज्या वाडीत दुसरे वाहनच येत नाही तेथे गाडीचे वय पाहण्यापेक्षा तिचे दिवे, ब्रेक आणि धूर पाहावा. तपासणी कडक असावी, असे तर मीच म्हणेन. कडक तपासणीने जुगाडवाले घरी बसतील आणि वीस मिनिटे लावून डाग देणाऱ्याला त्याचा दाम मिळेल.

आमच्या वर्गात मी हे बोललो की मित्र म्हणतात, ‘अरे, मग बी. ए. कशाला, आय. टी. आय. ला जायचे होतेस!’ ही थट्टा मला पटत नाही. मराठीच्या तासाला आपण शब्दांच्या व्युत्पत्ती पाहतो. गॅरेजमध्ये जे मराठी बोलले जाते त्यात गोटी म्हणजे सॉकेट, पोपट पाना, डाग, कळकणे, वायर ‘मरणे’, गाडी ‘उचलत नाही’ असे कितीतरी आहे. ते कोणत्या कोशात शोधावे? जुन्या इंग्रजी पद्धतीच्या गाड्यांत तपकिरी वायर थेट बॅटरीची, निळी दिव्यांची, काळी अर्थची, हे वडिलांना पाठ आहे. पण ते सांगणारे मराठी पुस्तक आपल्या ग्रंथालयात मला सापडले नाही. तीन मालक बदललेल्या जीपमध्ये तर सगळ्याच वायरी लाल असतात, कारण त्या दिवशी दुकानात लालच शिल्लक होती. तेथे पुस्तक असते तरी माणूस लागतोच.

म्हणून मी दोनशे पानी वही घातली आहे. डाव्या पानावर शब्द, उजव्या पानावर त्याचा अर्थ आणि तो कोठे ऐकला ते गाव. उरण, पेण, कर्जत बाजूने येणारे आपल्यात पुष्कळ आहेत. ज्यांच्या घरी कोणी पाना, करवत, सुई किंवा जाळे हातात धरते, त्यांनी आपले शब्द तिच्यात लिहावेत. वही ग्रंथालयात काउंटरवर ठेवली आहे. पानांना ग्रीसचे डाग आहेत, त्याला नाइलाज आहे.