चार माळा क्लिक

यंदा गणपतीच्या आरतीला लव्हालच्या हॉलमध्ये एक गोष्ट डोळ्यांत आली. दरवर्षी ज्याच्या हातून झांज सुटत नाही तो आपला तरुण (नाव लिहू नका म्हणाला, म्हणून लिहीत नाही) मागच्या ओळीत उभा राहून नुसते ओठ हलवत होता. उजव्या मनगटाला काळा पट्टा. प्रसादाच्या रांगेत मी विचारलं, "बर्फ पडायच्या आधीच घसरलास की काय?"

"नाही काका. माऊस."

मला आधी उंदीर चावला असं वाटलं. गणपतीच्या दिवसांत दुसरं काय वाटणार?

हा मुलगा विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी प्रोग्रामर आहे. लव्हालहून हायवे १५ ने उत्तरेला गेलं की मिराबेल लागतं. तिथे हेलिकॉप्टर आणि विमानं जोडली जातात. दोन नद्या ओलांडून दक्षिणेला गेलं की लाँगय, तिथे विमानांची इंजिनं. या दोन टोकांना भाग पुरवणारी लहानमोठी वर्कशॉप्स मधल्या भागात विखुरलेली आहेत. आपल्यापैकी बऱ्याच जणांची पहिली नोकरी अशाच एखाद्या ठिकाणी झाली. ड्रॉइंग आणि त्रिमिती मॉडेल समोर घ्यायचं आणि कोणतं टूल कुठे, किती खोल, किती वेगाने जाईल हे मशीनला सांगायचं, हे याचं काम. पूर्वी हे लिहून सांगत. आता पडद्यावर दाखवून सांगतात, म्हणजे माऊसने.

"दिवसाला किती क्लिक होतात?"

"मोजले नाहीत. मोजले तर रडू येईल."

आयुष्यभर प्रॉडक्शन इंजिनियरिंग शिकवलेल्या माणसाला 'मोजले नाहीत' हे उत्तर सहन होत नाही. पुढच्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो. जाताना हिची जपमाळ मागून घेतली. हिने कारण विचारलं, मी सांगितलं. त्यावर जे ऐकावं लागलं ते अंकात छापण्यासारखं नाही.

वर्कशॉपचं ड्रॉइंग घरी आणता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून त्याने घरच्या लॅपटॉपवर तशाच धाटणीची एक काल्पनिक प्लेट काढली. ४८ होल्स. रोज करतो तसंच करून दाखव म्हटलं आणि मी मणी ओढायला बसलो. होल निवडायचं, ड्रिलिंग निवडायचं, टूलची यादी उघडायची, टूल उचलायचं, वरची पातळी दाखवायची, खोली दाखवायची, सायकल निवडायची, फीडला मान डोलवायची, ओके. नऊ क्लिक. मग पुढचं होल. शेवटच्या होलचं ओके झालं तेव्हा माळ बरोबर चार वेळा फिरली होती. ४८ गुणिले ९ म्हणजे ४३२, आणि १०८ च्या चार माळाही तेवढ्याच. हे फक्त ड्रिलिंग. आटे पाडणं आणि रीमर मारणं अजून बाकी.

१९८० साली स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि ॲलन न्यूएल यांनी संगणकावर काम करणाऱ्या माणसाच्या हालचालींना वेळा लावून दिल्या. बटण दाबायला सरासरी ०.२ सेकंद, माऊसचा बाण लक्ष्यावर न्यायला १.१ सेकंद, आणि पुढे काय करायचं हे मनात जुळवायला १.३५ सेकंद. या हिशेबाने मन बाजूला ठेवलं तर ४३२ क्लिकना साडेनऊ मिनिटंही लागत नाहीत. मी हे सांगितल्यावर तो कडवट हसला. "साहेबही हेच म्हणतात. नऊ मिनिटांसाठी एवढी ओरड कशाला?"

वेळेचा हिशेब लावला की साहेब बरोबर ठरतात. पण बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं. १७१३ च्या आवृत्तीत त्याने लेखनिकांवर, म्हणजे दिवसभर बोरू चालवणाऱ्या कारकुनांवर एक प्रकरण घातलं. त्यांच्या दुखण्याची त्याने तीन कारणं दिली: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल, आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. मला तिसरं कारण महत्त्वाचं वाटतं. आमच्या मुलाचा हात पाहताना माझ्या लक्षात आलं, तो माऊस धरत नाही, आवळतो.

बरं, ही पुनरावृत्ती यंत्रकामाच्या स्वभावातच आहे का? मुळीच नाही. १९५२ साली एमआयटीत आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं गेलं आणि पुढची कित्येक वर्षं प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहिले जात. पट्टीच्या एका इंचात दहा अक्षरं. अक्षर वाढलं की पट्टी वाढायची, चूक झाली की पट्टी फेकायची. त्यामुळे त्या पिढीने काटकसर शोधली. जी ८१ म्हणजे ड्रिलची ठरलेली सायकल. खोली आणि फीड एकदाच लिहायचं, त्याखाली प्रत्येक होलचे फक्त एक्स आणि वाय, शेवटी जी ८० लिहून सायकल बंद. अठ्ठेचाळीस होल्स असोत की चारशे, खोली एकदाच. १९५९ साली एमआयटीने एपीटी ही प्रोग्रामिंगची भाषा जाहीर केली आणि तिने बनवलेले ॲल्युमिनियमचे ॲशट्रे आठवण म्हणून वाटले. तिच्यात बिंदूंच्या नक्षीसाठी वेगळा शब्दच होता, 'पॅटर्न'. शब्दाला सहा अक्षरांची मर्यादा होती म्हणून स्पेलिंगमधला एक टी गाळलेला. मग पडदे आले, मेनू आले, काम दिसायला सोपं झालं, आणि जे एका ओळीत होत होतं ते नऊ क्लिकमध्ये होऊ लागलं.

यावर उपाय शोधणाऱ्यांत आपली माणसं होती हे इथल्या मुलांना माहीत नसतं. गोदरेजमधून निघालेली जिओमेट्रिक ही कंपनी, मुंबईत विक्रोळीला आणि पुण्याला हिंजवडीत. टेकसॉफ्ट या अमेरिकन कंपनीचं कॅमवर्क्स हे सॉफ्टवेअर पुढे जिओमेट्रिककडे आलं. २०१७ मध्ये जिओमेट्रिकचा हा व्यवसाय एचसीएलकडे गेला. सॉलिडवर्क्समध्ये २०१८ पासून जो मशीनिंगचा भाग येतो त्याच्या पोटात कॅमवर्क्सच आहे. त्याचं तत्त्व साधं. सॉफ्टवेअर मॉडेलचे पृष्ठभाग चाळतं आणि हे होल, हा पॉकेट, ही खाच असं स्वतः ओळखतं. मग आपल्या कोठारात पाहतं, या व्यासाच्या होलला या धातूत आधी सेंटर ड्रिल, मग ड्रिल, मग रीमर, आणि ती सगळी मांडणी आपण होऊन करतं. कोठारातले आकडे मात्र प्रत्येक वर्कशॉपने आपल्या अनुभवाप्रमाणे भरायचे. जुना सेटर जे डोक्यात घेऊन निवृत्त होतो ते तिथे लिहून ठेवता येतं.

"अरे, मग हे तुझ्या समोरच आहे," मी म्हटलं. "सगळी होल्स एकदम का नाही निवडत?"

"करायचं नाही असा नियम आहे."

"कोणाचा?"

हे त्यालाही नीट सांगता येईना. मग हळूहळू गोष्ट बाहेर आली. तो लागण्याआधी काही वर्षं त्यांच्याकडे सगळं टेम्पलेटवरच चालत असे. एका भागात ६.८ मिलिमीटरची बरीच होल्स होती. एम ८ चे आटे पाडायचे तर आधी ६.८ चंच ड्रिल मारतात, हे कोणताही फिटर झोपेत सांगेल. टेम्पलेटमध्येही तेच लिहिलेलं: ६.८ दिसलं की एम ८ चा टॅप. पण त्या भागात काही ६.८ होल्स साधी होती, तेल जाण्यासाठी. त्यांनाही आटे पडले. महागडा भाग भंगारात गेला, आणि दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं की यापुढे प्रत्येक होल हाताने निवडायचं आणि डोळ्यांनी तपासायचं. फर्मान काढणारा निवृत्त झाला, टेम्पलेट लिहिणारा दुसरीकडे गेला. नऊ क्लिक राहिले.

आता गंमत पाहा. या नियमाने ती चूक टळते का? मी त्याला विचारलं, पडद्यावर ६.८ चं होल पाहून ते तेलाचं की आट्यांचं हे तुला कसं कळतं? म्हणाला, ड्रॉइंग शेजारी ठेवून. तेविसावं होल, चोविसावं होल, मान डावीकडे, मान उजवीकडे. आणि चाळिसाव्या होलला? तो गप्प बसला. दुपारी चारनंतर आपण ड्रॉइंगकडे न बघता बघितल्यासारखं करतो हे त्याने नंतर, चहा झाल्यावर कबूल केलं. मला त्याचं कौतुक वाटलं. पन्नास वर्षांच्या नोकरीत असं कबूल करणारे फार भेटले नाहीत.

खरी अडचण मॉडेलमध्ये होती. डिझाइनर सगळी होल्स एकाच आज्ञेने, साधी गोल कापून काढत होते. आटे फक्त ड्रॉइंगवरच्या टिपेत. त्यामुळे सॉफ्टवेअरला ती सगळी सारखीच दिसणार, मग ते हिंजवडीत लिहिलेलं असो की आणखी कुठे. आम्ही त्या काल्पनिक प्लेटवर ते करून पाहिलं. साध्या होल्समध्ये त्याने छत्तीस ६.८ ची एका गठ्ठ्यात टाकली आणि १० एच ७ ची बारा दुसऱ्यात. मग तीस होल्स आट्यांचं होल म्हणून, त्यासाठी असलेल्या आज्ञेने पुन्हा काढली. आता गठ्ठे तीन झाले: तीस, बारा, सहा. तीन गठ्ठे, प्रत्येकी नऊ क्लिक, म्हणजे सत्तावीस. पाव माळ. वर यादीत आकडे आयते लिहून येतात, ते ड्रॉइंगवरच्या होलच्या तक्त्याशी ताडून पाहायचे. तीस, बारा, सहा. हे तपासणं अर्ध्या मिनिटाचं, आणि चार वाजल्यानंतरही नीट होतं.

"म्हणजे डिझाइनवाल्यांना सांगावं लागेल," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला. त्यांचं ऑफिस दुसऱ्या इमारतीत. ती मंडळी पदवीधर, हा व्यवसायशाळेतून आलेला. शिवाय सगळं बोलणं फ्रेंचमध्ये. पेर्साज म्हणजे ड्रिलिंग, तारोदाज म्हणजे आटे पाडणं, हे शब्द त्याला माझ्यापेक्षा चांगले येतात. इथेच शाळेत गेलेला मुलगा. पण वरच्या मजल्यावर जाऊन 'तुमच्या मॉडेलमुळे माझा हात दुखतो' हे म्हणायला भाषा येऊन भागत नाही. त्याच्या आईने मध्येच विचारलं, "मग काका, तुम्हीच एक पत्र लिहून द्या ना कॉलेजच्या कागदावर." मी नाही म्हटलं. माझ्या पत्राने त्याचं हसू झालं असतं.

त्याने काय केलं ते मला आवडलं. त्याने हाताबद्दल अवाक्षर काढलं नाही. भंगारात गेलेल्या त्या भागाची जुनी फाइल शोधली, मॉडेल आणि ड्रॉइंग शेजारीशेजारी छापलं आणि डिझाइनमधल्या एका मुलीला जेवणाच्या सुट्टीत दाखवलं. तिला आट्यांची होल्स खाली कशी वाचली जातात हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं. तिच्याकडे आज्ञा होती, वापरायला दोन क्लिक जास्त लागतात म्हणून कोणी वापरत नव्हतं. वरचे दोन क्लिक वाचले की खाली चारशे वाढतात, हे दोन इमारतींमध्ये कोणाला दिसत नव्हतं. आता ठरलं आहे की नव्या भागांत आट्यांचं होल त्याच्या आज्ञेनेच काढायचं, आणि जुन्या मॉडेलमध्ये निदान रंग द्यायचा, कारण त्यांचं सॉफ्टवेअर रंगावरूनही निवड करतं. साहेबांनी जुना नियम अजून रद्द केलेला नाही. फक्त नव्या भागांपुरती सूट दिली आहे, आणि पहिला भाग मोजून तपासल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही अशी अट घातली आहे. मला अट योग्य वाटते. त्याला ती अपमानास्पद वाटते. यावर आमचा वाद चालू आहे.

एक गोष्ट मात्र मी त्याच्याकडून लिहून घेतली. टेम्पलेटमध्ये प्रत्येक आकड्यासमोर कारण लिहायचं. खोली व्यासाच्या पाचपट झाली की जी ८१ न वापरता जी ८३, म्हणजे ड्रिल थोडं थोडं आत जाऊन चिप बाहेर काढत येतं. पाचपटच का? कारण त्यांच्या वर्कशॉपमध्ये त्या धातूत त्यापुढे ड्रिल मोडलेली आहेत. ॲल्युमिनियमसाठी लिहिलेला फीड उद्या कोणी स्टेनलेसला लावेल, तेव्हा समोर निदान 'ॲल्युमिनियम' हा शब्द तरी असावा. त्याने हे फ्रेंचमध्ये लिहिलं आहे. पुढचा प्रोग्रामर बहुधा मराठी नसेल.

मनगटाबद्दल लोक फोन करून विचारतात म्हणून सांगतो. पट्टा अजून आहे. फिजिओथेरपिस्टच्या तारखा जानेवारीपर्यंत आहेत. माऊस आता डाव्या हातात घेतो आणि शिव्या देतो. दिवाळीच्या कार्यक्रमात ढोलकीवर दुसरं कोणी बसेल, तो माइक सांभाळेल.

जपमाळ त्याच्याकडेच राहिली आहे. जुने भाग मोजायचेत म्हणतो. हिने दोनदा मागितली, आता मलाच आणायला जावं लागणार.