अकरा मासे आणि आठ अवस्था

साहित्यातल्या पात्राला मानसशास्त्राचा चिमटा लावू नका, असे बजावणारे समीक्षक आपल्याकडे पुष्कळ. पात्र शब्दांचे बनलेले. पुस्तकाबाहेर त्याला बालपण कुठले? १९३३ साली एल. सी. नाइट्स यांनी ‘लेडी मॅकबेथला मुले किती?’ असा खवचट मथळा देऊन हीच टर उडवली होती. मॅकबेथपुरते ठीक. पण अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळ्यांच्या ‘अक्करमाशी’ या आत्मकथनात (१९८४) बालपण शोधायला पुस्तकाबाहेर जावेच लागत नाही.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनचे सिद्धान्त म्हणे गोऱ्यांच्या पोरांसाठी. अहो, हा माणूस अमेरिकेतल्या सू आणि युरोक आदिवासींत जाऊन आला. अहमदाबादच्या १९१८ च्या गिरणी संपावर गांधींना मध्ये ठेवून त्याने १९६९ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. गिरण्यांच्या आणि लिंबाळ्यांच्या सोलापूरने तरी त्याला परका म्हणू नये.

चुकते ते मानसशास्त्र वापरणाऱ्या आमच्या बाजूच्यांचेही. एरिक्सनने सांगितलेल्या माणसाच्या वाढीच्या आठ अवस्थांचा तक्ता आखायचा, पात्राला एकेका रकान्यात कोंबायचे आणि प्रबंध बाइंडिंगला टाकायचा, ही समीक्षा नव्हे, खानेसुमारी झाली.

एरिक्सन सांगतो, किशोरवयाला समाज थोडी सवड देतो. वेगवेगळ्या भूमिका अंगावर घालून बघायच्या, नको त्या टाकायच्या, ‘मी कोण’ हे सावकाश ठरवायचे. नेमाड्यांच्या ‘कोसला’तल्या (१९६३) पांडुरंग सांगवीकरला ही सवड पुण्यात मिळते, वडिलांच्या पैशावर. ‘अक्करमाशी’तल्या पोराला कोण देणार? वडील पाटील, आई महार, घरात भाकरीची भ्रांत. तोळा बारा माशांचा. हा अकराच भरला, असे गावाने आधीच तोलून ठेवलेले. सवड ही वयाने मिळत नाही, घराण्याने मिळते, हे मला या दोन पुस्तकांशेजारी एरिक्सन ठेवल्यावर दिसले.

समाजाने वाईट ठरवलेले रूपच आपले म्हणून पत्करणे, याला एरिक्सन नकारात्मक ओळख म्हणतो, आणि ती त्याला बहुतेकदा धोक्याची वाटते. लिंबाळ्यांनी तर ‘अक्करमाशी’ ही अनौरसाला दिली जाणारी शिवीच मुखपृष्ठावर छापली आणि तिथून लेखक झाले. तक्ता इथे तुटतो. पण हाताशी नसता, तर नेमका कुठे तुटतो हे कळले असते का?

एरिक्सनला स्वतःचा जन्मदाता कोण ते कधीच कळले नाही. १९३९ मध्ये अमेरिकेचा नागरिक होताना ‘एरिक्सन’ हे आडनाव त्याने आपले आपण घेतले. लिंबाळ्यांना बापाचे नाव ठाऊक होते. शाळेत ते लावण्यावरून तंटा झाला.