प्रत्येक कर्ण्याला त्याचे वेगळे बटण हवे

पूर्वी कोतवाल दवंडी पिटायचा, आता चावडीतल्या माईकवरून पुकारा होतो. नळाला पाणी कधी, लसीकरण कुठे, ग्रामसभा किती वाजता, हे घरबसल्या कळते. सोय चांगली आहे. पण आपल्या गावात काय चालते ते जरा आठवा. शाळेजवळचा कर्णा गुरुजींचा आवाज बुडवतो आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीला नुसती गुणगुण ऐकू येते. वस्तीवाले म्हणतात वाढवा, गुरुजी म्हणतात कमी करा. चावडीत बटण एकच! शेवटी कुणीतरी खांबावर चढतो आणि शाळेजवळच्या कर्ण्याची वायरच सोडून ठेवतो.

खरा धोका इथेच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. अशा रात्री ती सुटलेली वायर कुणाच्या ध्यानात राहणार? त्या आळीला इशारा पोचायचाच नाही.

यावर उपाय आहे आणि तो फार खर्चाचाही नाही. कर्णे थेट ८ ओहमवर जोडू नका, १०० व्होल्ट लाइनवर जोडा. एक चौरस मिलिमीटर तांब्याची वायर ३०० मीटर नेली तर जाऊन-येऊन तिचाच रोध १० ओहमच्या वर जातो. ८ ओहमच्या कर्ण्यात निम्म्याहून जास्त ताकद वायरच खाते. १०० व्होल्टवर ३० वॅटच्या कर्ण्यासाठी हेच नुकसान शेकडा तीनच्या आसपास राहते.

या पद्धतीत प्रत्येक कर्ण्याला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याला ३०, १५, ७.५ वॅट अशा जोडण्या असतात. लांबच्या तीन वस्त्यांना ३०, चावडीला १५, शाळेला ७.५ दिले की बेरीज ११२.५ वॅट होते. १५० वॅटचा अॅम्प्लिफायर त्याला पुरतो. बेरीज अॅम्प्लिफायरच्या वर मात्र जाऊ देऊ नका, तो जळेल.

आणखी एक ध्यानात ठेवा. वॅट निम्मे केले म्हणजे आवाज निम्मा झाला असे नाही, फरक फक्त ३ डेसिबलचा पडतो. कानाला निम्मा वाटायचा तर वॅट दहाव्या हिश्शावर आणावे लागतात. म्हणून जिथे तक्रार आहे तिथे त्या कर्ण्यापुरता १०० व्होल्टचा टप्प्याटप्प्याचा व्हॉल्यूम कंट्रोल बसवा. तो कर्ण्याच्या वॅटला पुरेल असा घ्या. एकाचा आवाज कमी केल्याने बाकीच्यांना धक्का लागत नाही.

हा कंट्रोल कुलपाच्या पेटीत ठेवा, किल्ली चावडीत. पूर्ण बंद होणारा टप्पा त्याला नको. जमल्यास जादा वायर ओढून अशी सोय करा, की संकटात चावडीतले एक बटण दाबताच सगळे कर्णे पूर्ण आवाजात बोलतील. पुरात वीज जातेच, तेव्हा १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारा अॅम्प्लिफायर घ्या. १०० व्होल्टचा झटका बसतो, म्हणून जोड उघडे नकोत आणि वायर महावितरणच्या खांबांवरून नको.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना कायद्याचीही आठवण करून द्यावीशी वाटते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शांतता क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर कर्णा वाजवता येत नाही. सार्वजनिक संकटाला मात्र सूट आहे. रोजचा आवाज हळू आणि संकटातला मोठा, हेच नियमालाही धरून आहे.

तेव्हा मंडळी, येत्या ग्रामसभेत हा विषय काढा. बिल मंजूर करण्याआधी एकाला माईकवर बसवा आणि बाकीचे गावभर फिरून या. शाळेत गुरुजींना विचारा, शेवटच्या वस्तीवर म्हाताऱ्या आजीला विचारा. दोघांचे समाधान झाले तरच सही करा.