नव्या दातांचे पहिले आठशे किलोमीटर

संध्याकाळी डिफरन्शियल बांधायचा आणि पहाटे त्याच गाडीवर दहा हजार लिटर पाणी चढवायचं, ही रीत कांदिवलीत इतकी रुळली आहे की तिच्यावर कुणी वाद घालत नाही. मला तो घालायचा आहे. टँकर असो, खडीचा डंपर असो की भाजी वाहणारी जुनी ४०७, नवा क्राउन-पिनियन घातल्यावर काही महिन्यांत पुन्हा आवाज सुरू झाला की सगळे एका सुरात म्हणतात, माल खराब होता. माल कधी कधी खरंच खराब असतो. पण मी पाहिलेल्या बऱ्याच गाड्यांमध्ये मालात खोट नव्हती. मिस्त्रीला सेटिंगसाठी पुरता वेळ मिळाला नव्हता आणि गाडीला दात बसवून घ्यायला रिकामे किलोमीटर मिळाले नव्हते.

निदान कांदिवलीत तरी असं व्हायला नको. आकुर्ली रोडवरचा महिंद्राचा कारखाना या उपनगराची ओळख आहे. महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या भागीदारीत १९६३ साली निघालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचे बी-२७५ ट्रॅक्टर इथेच तयार झाले आणि १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. गिअरचे दात म्हणजे काय हे हातांनी जाणणाऱ्या कामगारांच्या पिढ्या इथल्या चाळींत आणि सोसायट्यांत राहिल्या. तेच ज्ञान दोन किलोमीटरवरच्या गॅरेजपर्यंत पोचलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

क्राउन आणि पिनियन हे दोन सुटे भाग नसतात, ती जोडी असते. दात कापल्यावर पोलादाला वरून कडक करतात आणि आतला गाभा चिवट ठेवतात. या तापवण्या-विझवण्यात दात किंचित वाकतात. म्हणून दोन्ही चाकं एकमेकांवर घासणीची पेस्ट लावून फिरवतात, आणि त्यानंतर ती फक्त एकमेकांचीच होतात. दोघांवर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो. पिनियनचे दात ठीक दिसतात म्हणून फक्त क्राउन बदलणाऱ्या मालकाने ती रक्कम पाण्यात घातली असं समजावं.

जुन्या जीपच्या जातीच्या गाड्यांमध्ये पिनियनच्या तोंडावर आणखी एक आकडा असतो, अधिक किंवा उणे. तो थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात वाचायचा. जुन्या पिनियनवर अधिक दोन आणि नव्यावर उणे तीन असेल, तर नवा पिनियन क्राउनकडे पाच थाऊ जास्त सरकायला हवा. तेवढी शिम, म्हणजे मागे घालायची पातळ चकती, वाढते. पाच थाऊ म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम आठवा भाग. जुनी शिम होती तशी परत घालून वर नवा पिनियन ठोकला जातो, तेव्हा हाच आठवा भाग पुढे आवाज होऊन बाहेर येतो.

खरं काम यानंतर सुरू होतं. पिनियनच्या बेअरिंगवर नेमका ताण हवा. फ्लँजला दोरी गुंडाळून स्प्रिंग-काट्याने ओढायची आणि किती जोरावर पिनियन फिरत राहतो ते वाचायचं, ही जुन्या सर्व्हिस पुस्तकांतली पद्धत आजही चोख आहे. मग क्राउनचा प्ले, म्हणजे दातांमधली मोकळीक. जीपच्या एक्सलवर साधारण पाच ते नऊ थाऊ. मोठ्या ट्रकला त्याच्या पुस्तकात असेल तेवढा. तो डायल गेजनेच मोजायचा, आणि क्राउनवर एकाच जागी नाही, तीन-चार जागी. हाताने हलवून ‘ठीक आहे’ म्हणणारा मिस्त्री कितीही अनुभवी असला तरी त्याच्या बोटांना चार थाऊंचा फरक कळत नाही. गेज आणि त्याचा चुंबकी स्टँड काही हजारांत येतो. ज्या गॅरेजमध्ये तो नाही तिथे डिफरन्शियल उघडू देऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो.

टाटाच्या जुन्या ट्रकमध्ये डिफरन्शियलचा अख्खा गाभा पुढून निघतो आणि दोन बाजूंच्या आट्याच्या नटांनी क्राउन सरकवता येतो: एक जितका सैल, दुसरा तितकाच घट्ट. तिथे धीर धरणं सोपं आहे. जीपच्या एक्सलमध्ये मात्र शिम बेअरिंगच्या मागे असते, म्हणून प्रत्येक चाचणीला बेअरिंग ओढून काढावं लागतं. शहाणे मिस्त्री जुन्या बेअरिंगचं आतलं भोक थोडं घासून मोठं करतात, ते हाताने निघतं-बसतं. सेटिंग त्याच्यावर करतात आणि शेवटी नवं दाबून बसवतात. बेअरिंगच्या टोप्या काढताना डावी-उजवी खूण करायची, कारण त्या हाउसिंगसोबतच तासलेल्या असतात आणि अदलाबदल सहन करत नाहीत.

मग दातांना रंग लावून मार्किंग. चाकाला थोडा अडसर देऊन पिनियन फिरवला की दातावर पट्टा उमटतो. तो दाताच्या उंचीच्या मधोमध हवा. माथ्याकडे चढला तर पिनियन लांब आहे, जवळ आणा. मुळाशी उतरला तर फार आत शिरला आहे, मागे घ्या. क्राउन हलवला की प्ले बदलतो आणि पट्टा दाताच्या लांबीवरही सरकतो, म्हणून एक सुधारलं की दुसरं पुन्हा मोजावं लागतं. चार-पाच वेळा उघडणं-बांधणं हे मिस्त्रीचं अपयश नाही. कामच तसं आहे. आणि नेमकी याचीच मजुरी कुणी देत नाही. ‘क्राउन-पिनियनचे इतके’ असा ठोक भाव ठरतो, म्हणजे जो एकदाच बांधून मोकळा होतो तो नफ्यात आणि जो पाचदा मार्किंग बघतो तो तोट्यात. मालकांनी सेटिंगची मजुरी वेगळी द्यावी आणि बदल्यात शेवटच्या मार्किंगचा फोटो मागून घ्यावा.

आता ते आठशे किलोमीटर. घासणी झालेल्या दातांवरही सूक्ष्म उंचवटे उरतात. हायपॉइड जोडीत पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली असतो, त्यामुळे दात नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घसरतातही. म्हणूनच तिथे दाब सोसणारं जीएल-५ दर्जाचं नव्वद नंबरचं ऑइल लागतं. नव्या जोडीत ही घसरण जास्त उष्णता काढते. हलक्या भाराखाली उंचवटे दबून गुळगुळीत होतात; पूर्ण भाराखाली तेलाचा पडदा फाटतो, दात खरवडतात आणि तापून त्यांचा कडकपणाच जातो. सीजे-३बी जीपच्या ५.३८ च्या जोडीत आठ आणि त्रेचाळीस दात असतात, दोन्हींत सामाईक भाजक नाही. पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि घर्षण सगळीकडे सारखं वाटलं जातं. या भेटी हलक्या हाताने होऊ द्यायच्या.

म्हणून पहिली फेरी रिकामी. पहाटे महामार्गाने दहिसर ओलांडून वर्सोव्याच्या पुलापर्यंत जा, एकाच वेगाला चिकटू नका, गाडी तिथेच पूर्ण थंड होऊ द्या आणि परत या. घोडबंदरच्या गायमुख घाटाचं पहिल्या आठवड्यात नाव घेऊ नका. पुढचे दिवस हलका माल. टँकरची अडचण मला कळते: अर्धा भरला तर पाणी हिंदकळतं आणि तो धक्काही दातांवरच येतो. मग रिकाम्या धावा जास्त घ्या, त्यानंतर भरलेल्या फेऱ्या कमी ठेवा आणि दोन फेऱ्यांमध्ये हाउसिंगला हात लावता येईल इतकं थांबा. हप्ता डोक्यावर असताना हे जड जातं. दुसरा सेट त्याहून जड जातो.

हे काम पावसाळ्याच्या तोंडावर करणाऱ्यांनी ब्रीदर, म्हणजे एक्सलची हवा खेळवणारी नळी, आधी साफ करावा. पोयसरच्या काठी किंवा मालाडच्या सबवेत गुडघाभर पाण्यात गरम एक्सल बुडाला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर किंवा सील जिथे कमकुवत असेल तिथून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं तर आठशेची वाट बघू नका, त्याच दिवशी काढा.

नाहीतर पहिलं ऑइल आठशे किलोमीटरला काढा, गरम असताना, आणि पांढऱ्या थाळीत. चुंबकाच्या नटाला चिकटलेला बारीक राखाडी चिखल अपेक्षित आहे, तो पुसून टाका. सुईसारखे तुकडे किंवा पापुद्रे निघाले तर नवं ऑइल ओतण्याआधी झाकण उघडून मार्किंग पुन्हा बघायला लावा.